शक्ती-तुऱ्यातील परस्परनिंदेचे संकेत आणि सख्यभाव : महाड-पोलादपूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

१. प्रस्तावना

मराठी समाजातील थट्टेची परंपरा जुनी व बहुविध आहे. शिमग्यातील बोंब, लग्नातील विहिणींची गाणी, तमाशातील सोंगाड्याची फिरकी आणि महाविद्यालयीन स्नेहसंमेलनातील शेलापागोटे व फिशपाँड ही तिची परिचित रूपे होत. एरवी जे बोलल्यास भांडण होईल, तेच ठरावीक प्रसंगी व ठरावीक रीतीने बोलले असता हशा उत्पन्न करते आणि पुष्कळदा बोलणारा व ऐकणारा यांना अधिक जवळ आणते. गेल्या काही वर्षांत शहरी तरुण वर्गात ‘रोस्ट’ या नावाने रूढ झालेला विनोदप्रकारही याच जातीचा आहे. समव्यवसायी मंडळींनी एकत्र यावे, आपल्यातीलच एकाची भर सभेत यथेच्छ निंदा करावी आणि ती त्याने सन्मान समजून स्वीकारावी, असे त्याचे स्वरूप असते.

मात्र हीच थट्टा काही वेळा मन दुखावते, संबंध तोडते व पोलीस ठाण्यापर्यंत जाते. मग निंदा कोणत्या परिस्थितीत सख्य वाढवते आणि कोणत्या परिस्थितीत ती अपमान ठरते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी कोकणातील शक्ती-तुरा ही लोककला विशेष उपयुक्त आहे. दोन शाहिरांनी रात्रभर एकमेकांना टोमणे मारावेत आणि पहाटे एकत्र चहा घेऊन घरी जावे, हे या कलेत अपवादात्मक मानले जात नाही. प्रस्तुत लेखात महाड व पोलादपूर तालुक्यांच्या परिसराला अनुलक्षून शक्ती-तुऱ्यातील परस्परनिंदेचे संकेत स्पष्ट करण्याचा व त्यांच्या आधारे आजच्या काही प्रश्नांकडे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

२. प्रदेश आणि परंपरा

पोलादपूरहून महाबळेश्वरकडे जाणारा आंबेनळी घाट कोकण व देश यांना जोडतो. मराठी शाहिरीच्या इतिहासात या परिसराला वेगळे स्थान आहे. उपलब्ध मराठी पोवाड्यांत सर्वांत जुना मानला जाणारा अगिनदासाचा पोवाडा अफझलखानाच्या वधावर आहे आणि १६५९ मधील ती घटना याच घाटरस्त्याजवळच्या प्रतापगडाच्या पायथ्याशी घडली. घाटाच्या वरच्या अंगाला, सातारा जिल्ह्यात, कलगी-तुऱ्याची भेदिक शाहिरी बहरली. पुसेसावळीचे शाहीर हैबती हे तिच्यातील नावाजलेले नाव होय. घाटाच्या खालच्या अंगाला, दक्षिण रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांत, हाच वाद जाखडी नृत्याच्या साथीने उभा राहिला आणि शक्ती-तुरा या नावाने ओळखला जाऊ लागला.

या वादाचा गाभा तात्त्विक आहे. शक्ती किंवा कलगी पक्ष आदिमायेला, म्हणजे प्रकृतीला श्रेष्ठ मानतो. तुरा पक्ष शिवाला, म्हणजे पुरुषतत्त्वाला श्रेष्ठ मानतो. शक्तीवाचून शिव निश्चेष्ट की शिवावाचून शक्ती निराधार, हा प्रश्न सुटणारा नाही. तो सुटत नाही म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या सामने रंगू शकतात. राजस्थान व माळवा या भागांतील ‘तुर्रा-कलंगी’ परंपरेत या दोन पक्षांच्या उगमाची एक आख्यायिका सांगितली जाते. तीनुसार चंदेरीच्या राजाने आपल्या पगडीवरील तुरा तुकनगीर या गोसाव्याला आणि कलगी शाह अली या फकिराला बहाल केली. आख्यायिकेची ऐतिहासिकता बाजूला ठेवली तरी तिचा आशय लक्षणीय आहे. प्रतिपक्षाचे चिन्ह आणि आपले चिन्ह एकाच पगडीवरून आलेले आहे, ही जाणीव वादाच्या मुळाशीच ठेवलेली आहे.

महाड-पोलादपूरच्या डोंगरी गावांतून अनेक पिढ्यांनी पोटासाठी मुंबई गाठली. जाखडीला ‘बाल्या नाच’ हे नाव मुंबईत घरकाम करणाऱ्या, कानात बाळी घालणाऱ्या कोकणी गड्यांवरून पडले, असे सांगितले जाते. ज्यांना शहराने ‘बाल्या’ म्हणून हिणवले, त्यांनीच ते नाव आपल्या नाचाला लावून मिरवले, ही गोष्टही थट्टेच्या अभ्यासात महत्त्वाची आहे. गौरी-गणपतीत गावी आणि एरवी मुंबईच्या नाट्यगृहांत, असा या कलेचा दुहेरी संसार आहे. गिरणगावातील चाकरमान्यांचे आवडते परळचे दामोदर नाट्यगृह पुनर्बांधणीसाठी २०२३ च्या अखेरीस बंद होईपर्यंत कोकणच्या लोककलांचे हक्काचे ठिकाण होते. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव विस्कटला, तरी गावकीच्या मंडळांनी सामने चालू ठेवले.

३. सामन्याची रचना

शक्ती-तुऱ्याच्या जाहिरातीत ‘जंगी सामना’ हे शब्द हमखास असतात. दोन पक्षांचे दोन शाहीर, त्यांचे साथीदार आणि पायात चाळ बांधलेले नर्तक आळीपाळीने रंगमंचावर येतात. ढोलकी व झांज यांच्या ठेक्यावर नर्तक फेर धरतात आणि शाहीर गातो. प्रत्येक पक्षाच्या पाळीला ‘बारी’ म्हणतात. प्रारंभी गण, म्हणजे गणेशस्तवन होते. गुरूला व परंपरेला वंदन केले जाते. त्यानंतर गवळण येते. यानंतरच प्रश्नोत्तरे आणि टोमणे यांना तोंड फुटते.

हा क्रम योगायोगाचा नाही. गणात दोन्ही पक्ष एकाच देवतेपुढे नमतात आणि गुरुवंदनात प्रत्येक शाहीर आपण कोणाचे शिष्य आहोत हे जाहीर करतो. म्हणजेच निंदेला आरंभ होण्यापूर्वी दोघांनीही समान श्रद्धा व आपापली ओळख सभेपुढे मांडलेली असते. पुढे जे काही बोलले जाईल ते याच चौकटीत ऐकावे, अशी सूचना प्रेक्षकाला मिळते.

प्रश्नोत्तरांचा भाग ‘भेदिक’ परंपरेतून आला आहे. भेद म्हणजे गूढ. पुराणकथा, पंचमहाभूते, देहातील तत्त्वे, संख्यासंकेत यांवर कूटप्रश्न रचायचा आणि प्रतिपक्षाने तो उकलायचा, अशी ही रीत आहे. प्रश्न गाण्यात आला तर उत्तरही गाण्यात यावे आणि शक्यतो त्याच चालीत यावे, अशी जाणकारांची अपेक्षा असते. प्रश्नकर्त्याला स्वतःला उत्तर ठाऊक असले पाहिजे व मागितल्यास ग्रंथाधार देता आला पाहिजे, हाही संकेत आहे. जुन्या फडांत हरलेल्या पक्षाचा डफ जिंकून घेतला जात असे, असे सांगितले जाते. आज प्रतिष्ठा हीच पणाला लागलेली असते.

४. निंदेचे संकेत

टोमण्यांच्या भागात प्रतिस्पर्ध्याचा आवाज, त्याचे ज्ञान, त्याची वेशभूषा, त्याच्या नर्तकांचा ठेका, एवढेच काय त्याचे वाढलेले पोटही विषय होते. तरीही काही संकेत सामान्यतः पाळले जातात. ते पुढीलप्रमाणे मांडता येतील.

पहिला संकेत संबोधनाचा. प्रतिस्पर्ध्याला ‘बुवा’ किंवा ‘शाहीर’ असे संबोधूनच टोमणा मारला जातो. निंदेचा आशय कितीही तिखट असला तरी संबोधन आदरार्थी राहते. ‘बुवा, तुमचं गाणं ऐकून गावची गुरं रानातून परत आली नाहीत’ अशा धाटणीच्या काल्पनिक टोमण्यात ‘बुवा’ आणि ‘तुमचं’ हे दोन शब्द निंदेला जागेवर धरून ठेवतात. एकेरीवर येणे हे खेळ सुटल्याचे पहिले लक्षण मानावे लागते.

दुसरा संकेत समकक्षतेचा. टोमणा शाहिराने शाहिराला मारायचा असतो. साथीला बसलेला पोरगेला झांजवादक किंवा प्रेक्षकांतील एखादी व्यक्ती त्याचे लक्ष्य होऊ नये, अशी अपेक्षा असते. जो बरोबरीने उभा राहू शकतो त्याच्याशीच झुंज शोभते.

तिसरा संकेत अतिशयोक्तीचा. निंदा जितकी अशक्य कोटीतील तितकी ती निरुपद्रवी. आवाज बेडकासारखा म्हटले तर हशा होतो. परंतु ज्याला घशाचा खरोखरीचा आजार आहे त्याच्याबाबत तेच वाक्य क्रूर ठरते. सभेला जे खरे म्हणून माहीत आहे, विशेषतः जे दुःख म्हणून माहीत आहे, ते टोमण्याचा विषय होऊ शकत नाही.

या तिसऱ्या संकेताची सीमा स्थिर नसते, हे याच परिसराच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. घाट चढताना दमणारी गाडी ही कोकणातील थट्टेची सर्वपरिचित प्रतिमा आहे. धाप लागलेल्या गायकाला तिची उपमा सहज सुचावी. परंतु २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची सहलीची बस आंबेनळी घाटात खोल दरीत कोसळली आणि एक कर्मचारी वगळता बसमधील सर्वांचा मृत्यू झाला. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक जीव गेले. अशा घटनांनंतर घाट, दरी, दरड हे शब्द या भागातील सभेत पूर्वीसारखे हलके राहत नाहीत. कोणत्या शब्दाला आता जखम लागली आहे, हे स्थानिक शाहिराला कोणत्याही लिखित नियमावलीवाचून कळावे लागते. थट्टेची मर्यादा ही अशा रीतीने गावाच्या स्मृतीशी बांधलेली असते.

चौथा व सर्वांत महत्त्वाचा संकेत पाळीचा. पहिल्याची बारी संपली की दुसऱ्याची बारी येणारच, आणि त्याला तितकाच वेळ, तेच व्यासपीठ व तोच श्रोतृवर्ग मिळणारच. टोमणा खाणारा शाहीर मान खाली घालून बसलेला नसतो. तो मनात उत्तर जुळवत असतो. प्रेक्षकही त्याच्या अपमानाची कीव करीत नाहीत. ‘आता हा काय म्हणतो’ याची ते वाट पाहतात. पाळीच्या या हमीमुळे निंदा हा प्रश्न होतो, आघात होत नाही.

५. सैद्धांतिक आधार

मानवशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राऊन यांनी १९४० मध्ये ‘थट्टेचे नाते’ ही संकल्पना मांडली. काही नातेसंबंधांत एका व्यक्तीला दुसरीची चेष्टा करण्याची मुभा असते आणि दुसरीने राग मानू नये अशी अपेक्षा असते. ज्यांच्यात जवळीकही आहे आणि संघर्षाची शक्यताही आहे, अशा नात्यांत ही रीत आढळते, असे त्यांचे विवेचन होते. आपल्याकडील दीर-भावजय किंवा मेहुणा-मेहुणी यांच्यातील थट्टा या संदर्भात आठवेल. कलगीवाला व तुरेवाला यांचे नातेही असेच आहे. सुपारी, रसिक आणि कीर्ती यांसाठी ते स्पर्धक आहेत. परंतु एकाशिवाय दुसऱ्याचा सामना होऊच शकत नाही, म्हणून ते परस्परावलंबीही आहेत.

भाषाशास्त्रज्ञ विल्यम लेबॉव्ह यांनी न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीय किशोरांच्या निंदा-खेळाचा अभ्यास करून १९७२ मध्ये काही नियम नोंदवले. खेळातील निंदा सर्वांना असत्य म्हणून ठाऊक असलेली हवी आणि तिला प्रत्युत्तर प्रतिनिंदेने द्यायचे असते. ज्या क्षणी कोणी ‘हे खरे नाही’ असा खुलासा करू लागतो त्या क्षणी खेळ संपून व्यक्तिगत अपमान सुरू होतो. महाड-पोलादपूरचा शाहीर आणि हार्लेममधील किशोर यांच्यात संस्कृतीचे मोठे अंतर आहे. तरीही दोघांच्या खेळात खुलाशाला स्थान नाही आणि उत्तराला आहे, हे साम्य विचारात घेण्यासारखे आहे.

समव्यवसायी मंडळींच्या थट्टेत आणखी एक घटक असतो. न्यूयॉर्कमध्ये १९०४ साली स्थापन झालेल्या फ्रायर्स क्लबमध्ये रोस्टची प्रथा रुजली ती कलावंतांच्या आपसातील बैठकीत. जादूगार व मनोवाचनाचे प्रयोग करणारे कलावंत यांच्या संमेलनांतही अशी परस्परथट्टा चालते. ज्याने तीच कला आयुष्यभर घासली आहे त्यालाच दुसऱ्याची चूक नेमकी दिसते. म्हणून जाणकाराने केलेली निंदा ही एक प्रकारची दखल असते. मात्र जादूगारांच्या व्यवसायात एक गोष्ट वर्ज्य आहे : प्रयोगाचे गुपित परक्यांपुढे फोडणे. शक्ती-तुऱ्यात याच्या नेमके उलट घडते. येथे भेद सर्वांसमक्ष उकलावा म्हणूनच घातला जातो. दोन्हीकडे काय उघड करावे व काय झाकावे याचा निर्णय त्या कलेच्या बिरादरीने केलेला असतो आणि थट्टा त्या निर्णयाच्या आत राहते.

६. पाळी नाकारली जाते तेव्हा

वरील विवेचनाच्या प्रकाशात अलीकडच्या एका बहुचर्चित प्रसंगाकडे पाहता येईल. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबईत वरळी येथे ‘एआयबी नॉकआउट’ हा रोस्टचा कार्यक्रम झाला. चित्रपटसृष्टीतील नामवंतांनी व्यासपीठावर एकमेकांची निंदा केली व ती हसत स्वीकारली. जानेवारी २०१५ मध्ये त्याचे चित्रण महाजालावर आले. त्यातील भाषेवर तीव्र आक्षेप घेतले गेले, तक्रारी नोंदवल्या गेल्या आणि फेब्रुवारीच्या आरंभी आयोजकांनी चित्रण मागे घेतले. या वादात अश्लीलतेचीच चर्चा अधिक झाली. परंतु व्यासपीठावर असलेल्यांची निंदा आणि तेथे नसलेल्यांची निंदा यांतील फरकाकडे फारसे लक्ष गेले नाही. जे समोर होते त्यांना पाळी होती. ज्यांची नावे त्यांच्या अनुपस्थितीत घेतली गेली त्यांना ती नव्हती. शिवाय सभागृहातील श्रोत्यांनी तिकीट काढून त्या चौकटीत प्रवेश केला होता. महाजालावरील प्रेक्षकाला ती चौकट बांधील नव्हती.

प्राध्यापक वर्गाला अधिक जवळचे उदाहरण फिशपाँडचे आहे. स्नेहसंमेलनात निनावी चिठ्ठ्या पेटीत टाकल्या जातात व व्यासपीठावरून वाचल्या जातात. या प्रथेत गंमत व सर्जनशीलता निश्चितच असते. अनेक माजी विद्यार्थी आपल्यावरील फिशपाँड वर्षानुवर्षे कौतुकाने सांगतात. परंतु शक्ती-तुऱ्याच्या कसोटीवर ती तपासली असता तिच्यातील उणीव दिसते. टोमणा मारणारा अज्ञात असतो, म्हणून समकक्षता उरत नाही. ज्याच्यावर टोमणा आहे त्याला ध्वनिक्षेपक मिळत नाही, म्हणून पाळी उरत नाही. एखाद्या विद्यार्थिनीच्या रंगावर किंवा एखाद्या विद्यार्थ्याच्या ग्रामीण बोलीवर चिठ्ठी वाचली गेली, तर सभागृह हसते आणि ती व्यक्तीही हसते. मात्र ते हसू स्वीकाराचे असते की नाइलाजाचे, हे ओळखण्याचा मार्ग आयोजकांपाशी नसतो.

याच मार्गाचे टोक म्हणजे रॅगिंग. ‘आम्ही थट्टाच करत होतो’ हा त्यातील नेहमीचा बचाव असतो. महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा केला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये त्याविषयी विनियम जारी केले. कायद्याच्या परिभाषेबाहेर, लोकपरंपरेच्या भाषेत या बचावाचे उत्तर देता येते : जेथे कनिष्ठाला ज्येष्ठाची तितकीच थट्टा करण्याची पाळी मिळत नाही तेथे सामना नसतो, म्हणून थट्टाही नसते.

७. शक्ती-तुऱ्यापुढील आजचे प्रश्न

ही लोककला स्वतः दोषमुक्त आहे असे मानणे योग्य होणार नाही. पूर्वी पुरुषांपुरत्या असलेल्या या क्षेत्रात आता महिला शाहीरही सामने करतात आणि पुरुष शाहीर विरुद्ध महिला शाहीर असे सामने गर्दी खेचतात. शक्ती श्रेष्ठ की शिव श्रेष्ठ या मूळ वादाला यामुळे जिवंत रूप मिळते. परंतु काही वेळा तात्त्विक वाद मागे पडून द्व्यर्थी शेरेबाजी पुढे येते. वरवर पाहता महिला शाहिरालाही पाळी असते. तथापि तिने त्याच भाषेत उत्तर दिले तर समाज तिला जो बोल लावतो तो पुरुष शाहिराला लावत नाही. पाळी समान असूनही तिची किंमत असमान राहते. म्हणून पाळीचा हक्क खऱ्या अर्थाने समान करायचा असेल तर पहिल्या बोलणाऱ्याने आपली भाषा उत्तर देणारीच्या सामाजिक स्थितीचा विचार करून निवडली पाहिजे.

दुसरा प्रश्न भ्रमणध्वनीवरील चित्रफितींचा आहे. रात्रभराच्या सामन्यातील अर्ध्या मिनिटाचा टोमणा कापून सर्वत्र पाठवला जातो. त्याच्या आधीचा गण, गुरुवंदन आणि ‘बुवा’ हे संबोधन गळून जाते; नंतरचे उत्तरही गळून जाते. उरते ती निखळ निंदा. ज्याची बारी नंतर होती तो शाहीर अशा चित्रफितीत कायमचा हरलेला दिसतो. पूर्वी गावाच्या चौकात जे रात्रीत मिटत असे ते आता मिटत नाही.

८. निष्कर्ष

१) शक्ती-तुऱ्यातील निंदा सख्याला पोषक ठरते ती सभ्य शब्दांमुळे नव्हे. आदरार्थी संबोधन, समकक्षता, उघड अतिशयोक्ती आणि उत्तराची पाळी या चार संकेतांमुळे ती तशी ठरते.

२) या चारांत पाळीचा संकेत निर्णायक आहे. संबोधन चुकले, अतिशयोक्ती फसली तरी प्रतिपक्ष आपल्या बारीत तोल सावरू शकतो. पाळीच नसेल तर उरलेले तीन संकेत पाळूनही अपमान टळत नाही.

३) थट्टेची सीमा लिखित नियमांनी पूर्णपणे ठरवता येत नाही. ती समाजाच्या स्मृतीनुसार सरकते आणि ती ओळखणे हा शाहिराच्या कौशल्याचाच भाग आहे.

४) महाविद्यालयांनी फिशपाँडसारख्या प्रथा सरसकट बंद करण्याऐवजी त्यांत नामनिर्देश व प्रत्युत्तराची सोय आणावी. चिठ्ठी लिहिणाऱ्याने समोर येऊन ती वाचावी आणि ज्याच्यावर ती आहे त्याला लगेच तितकाच वेळ मिळावा. नाव देण्याचे धैर्य ज्या टोमण्याला नाही तो आपोआप गळून जाईल. स्नेहसंमेलनात एखादा शक्ती-तुऱ्याचा सामना विद्यार्थ्यांकडून बसवून घेणे, हा यासाठीचा उत्तम वस्तुपाठ ठरू शकेल.

सामना संपतो तेव्हा शक्ती श्रेष्ठ की शिव श्रेष्ठ याचा निकाल लागलेला नसतो. दोन्ही शाहीर पुढच्या वर्षी पुन्हा समोरासमोर येऊ शकतील एवढीच व्यवस्था झालेली असते. निंदेच्या सर्व संकेतांचे प्रयोजन हीच व्यवस्था राखणे, हे होय.